भाचेसाहेबांची पाच किनाऱ्यांवरील स्वारी

प्रथम नमन त्या दयाघनास, ज्याने समुद्र निर्मिला, तो पाहावयास माणसास डोळे दिले, मात्र रजा एका दिवसाचीच दिली. त्याचे स्मरण करोन, आत्याबाईसाहेबांचे पाय समुद्रास कैसे लागले ती हकीकत घडली तैसी लिहितो. सज्जनांनी चित्त द्यावे.

आत्याबाईसाहेब, उमर एकाहत्तर, पेशा शिवणकाम. बंधूंच्या पश्चात त्यांचे चिरंजीव, हल्लीचे हेडक्लार्क, राजमान्य भाचेसाहेब यांस त्यांनी लहानाचे थोर केले आणि त्या गडबडीत समुद्र पाहावयाचा राहोन गेला. मग दोन्ही गुडघ्यांचे ऑपरेशन सोमवारी मुक्रर जाहले आणि डॉक्टरांची ताकीद आली की त्यापुढे वाळू आणि पाणी कैक महिने वर्ज्य. आत्याबाईंनी एकच अर्ज गुदरला, "मेलं एकदा समुद्रात पाय बुडवू द्या, मग काय कापायचं ते कापा."

भाचेसाहेबांनी तो शिरसावंद्य मानोन शनिवारची मोहीम आखिली आणि कागदावर पाच किनारे नेमोन प्रत्येकी वीस मिनिटे मंजूर केली. आता या घराण्याची रीत ऐसी की नव्या चादरी कपाटात, चांगले कप पाहुण्यांस आणि ताटातले गोड शेवटास. तदनुसार हुकूम सुटला की पाचवा किनारा पांढऱ्या वाळूचा, खाडीपलीकडचा, सर्वांत उत्तम. सबब आत्याबाईंचे पाय तेथेच भिजतील, तत्पूर्वी चपला काढणे मना.

मग सूर्योदयी कूच जाहले. पहिल्या किनाऱ्यावर लाट आत्याबाईंच्या बोटांपासोन हातभर आली, तो भाचेसाहेबांनी त्यांस दंडास धरोन मागे ओढिले आणि फर्माविले की येथील पाणी गढूळ आहे. दुसऱ्यावर दगड फार निघाले, तिसऱ्यावर माणसे फार, आणि चौथ्यावर काहीच उणे सापडेना, तेव्हा घड्याळ दाखविले. आत्याबाई चपलांसकट उभ्या राहोन पाहत होत्या, जैसे कोणी मंडपाबाहेरून कीर्तन ऐकावे. संगे आलेल्या भाचेसूनबाई, मोहिमेच्या पिशव्या वाहणाऱ्या सरदार, पुटपुटल्या, "पूर्वरंगातच बुवांचा घसा बसायचा हो!"

मग खाडीच्या धक्क्यावर नावाडीणबाईंनी सल्ला दिला, "साहेब, ओहोटी निम्मी झालीय. निघायचं तर आत्ता."

"आमचं सगळं वेळेवर आहे."

"तुमचं असेल हो. पाण्याला विचारलंत का?"

परंतु कागदात धक्क्यावर चहा नमूद होता, सबब चहा जाहला, आणि मग उंचीप्रमाणे उभे राहोन फोटो जाहला, आणि मग नाव निघाली, ती मध्यावर येताच चिखलात बसली. पांढरी वाळू समोर, हाकेच्या अंतरावर. खासा भाचेसाहेब ढकलावयास उतरले, मांडीपावेतो रुतले आणि त्यांचा डावा बूट धारातीर्थी पडला.

"आता?"

"आता भरती. तीन तास बसा."

अंधारापूर्वी परतणे भाग होते आणि रविवारी इस्पितळात दाखल होणे होते. भाचेसाहेबांनी दोनदा कागद वाचिला आणि मग खाली पाहोन बोलिले, "आत्या, सकाळीच बुडवू द्यायला हवे होते गं पाय."

"मग ओढलंस कशाला रे गाढवा?"

"सगळ्यात चांगला समुद्र तुला द्यायचा होता."

"माझ्या ठेवणीतल्या दोन शाली कसरीने खाल्ल्या," आत्याबाई म्हणाल्या, "त्याही चांगल्याच होत्या."

मग ऊन कलले आणि चिखलावरोन पाण्याची एक बारीक रेघ सरकत आली, मागोमाग दुसरी, आणि तिजमागे अवघे दळ येवोन नावेच्या फळ्यांस भिडले.

"आजी, सोडा पाय," नावाडीणबाई म्हणाल्या.

"ही तर खाडी गं."

"भरतीचं पाणी आहे. तिकडूनच आलंय, तुमच्याकडे. चाखून बघा."

आत्याबाईंनी चपला काढिल्या, काठावर बसोन दोन्ही पाय सोडिले आणि ओंजळ तोंडास लाविली. "अगंबाई, केवढं खारट!" ऐसे म्हणोन त्या इतक्या हसल्या की नाव डुलू लागली. आणि खरेच तिचे एक टोक तरंगू लागले होते, दुसरे अद्याप चिखलात होते. भाचेसाहेबांनी घड्याळ पाहोन निवेदन केले की अद्याप वीस मिनिटे शिल्लक, पांढरी वाळू गाठता येईल. त्यावर आत्याबाईंचा हुकूम जाहला, "नाव हलली तर याद राख."

मग भाचेसाहेब उरला बूट काढोन त्यांच्या शेजारी बसले आणि त्यांनीही पाय सोडिले.

येणेप्रमाणे शनिवारी तिसरे प्रहरी फत्ते जाहली. किनारे चार पाहिले, पाचवा दुरूनच राहिला. समुद्र आत्याबाईसाहेबांच्या पायी घोट्यांपावेतो रुजू जाहला, मग पोटऱ्यांपावेतो, आणि चढतच होता.