अभिप्रायासाठी सादर

चित्रगुप्ताला आपल्या कॉमिकबद्दल तिळमात्र शंका नव्हती. बत्तीस पानं, सगळी हातानं काढलेली, चार बॉलपेनं संपवून! आता फक्त कुणीतरी वाचून 'वा' म्हणायचं बाकी होतं.

चित्रगुप्त हे काही त्याचं खरं नाव नव्हे. तो ऑफिसातला सगळ्यात नवा कारकून. फायलींच्या समासात चित्रं काढायचा, म्हणून हेडक्लार्क बाईंनी त्याचं हे बारसं केलेलं. नोकरी अजून कच्ची. सहा महिने भरत आले होते, आणि त्याला कायम करायचा कागद साहेबांच्या टेबलावर सहीची वाट बघत पडला होता.

कॉमिकमधला खलनायक म्हणजे सम्राट झोंबू. डोळे तीन, ढेरी हिरवी. कुठलंही यान उतरायची परवानगी मागायला आलं की हा म्हणणार, "बघू." झालं, ते यान दोनशे वर्षं अधांतरी! दुपारी जेवला की पेन हातात धरून बसल्या जागी डुलक्या. हा सम्राट कुठून सुचला ते वेगळं सांगायला नको. साहेबांची केबिन काचेची होती आणि चित्रगुप्ताचं टेबल बरोबर समोर.

पहिला अभिप्राय शेजारच्या टायपिस्टताईचा घ्यायचं त्यानं ठरवलं. तिच्या पोटात गोष्ट राहायची. सुटी पानं त्यानं एका जुन्या फाइलीत लावली, वर 'अभिप्रायासाठी' अशी चिठ्ठी डकवली आणि फाइल तिच्या ट्रेमध्ये ठेवून दिली.

ताई नेमकी त्या दिवशी रजेवर! आणि 'अभिप्रायासाठी' लिहिलेली फाइल त्या ऑफिसात पडून राहत नसे. ती एकेका टेबलावर शेरा घेत वर वर चढायची, थेट साहेबांपर्यंत. शिपाईमामांनी ती इमानेइतबारे उचलली.

जेवणाची सुट्टी संपल्यावर बाईंनी त्याला सहज विचारलं, की त्या यानाला पाय तीन की चार? चित्रगुप्तानं वळून ताईचा ट्रे पाहिला. रिकामा! बाई शांतपणे सांगत होत्या. त्यांनी शेरा मारला होता, 'पान सातवर यानास तीन पाय, पान आठवर चार. खुलासा व्हावा.' स्टोअरच्या काकांनी लेझर बंदुकांची नोंद कुठल्या रजिस्टरला आहे असं विचारलं होतं. आवक-जावकवाल्यांनी न वाचताच 'सहमत' लिहिलं होतं.

"बाई, फाइल आहे कुठं?"

"कुठं असणार? आत."

त्यानं काचेतून पाहिलं. साहेब पानं उलटत होते. सहा महिन्यांत पहिल्यांदाच जेवणानंतर जागे! तेवढ्यात घंटी वाजली.

केबिनपर्यंतच्या बारा पावलांत चित्रगुप्तानं मनातल्या मनात राजीनामा लिहिला, दुसरी नोकरी शोधली, तिथूनही हाकलला गेला. आत साहेबांनी झोंबूच्या ढेरीवर बोट ठेवलं होतं.

"हा कोण, ते मी ओळखलं."

"साहेब, चूक झाली."

"काम सांगितलं की 'बघू' म्हणणारा. जेवून पेन हातात धरून झोपणारा. अरे, ही काच आहे, भिंत नाही. मला रोज दिसतं."

"काय दिसतं, साहेब?"

"तू! दुसरं कोण?"

चित्रगुप्तानं झोंबूची ढेरी पाहिली, मग स्वतःचं पोट.

साहेबांचा आवाज एकदम मऊ झाला. म्हणाले, बावीस वर्षं नोकरी केली, पण स्वतःचे दोष इतके मोकळेपणानं मांडणारा माणूस नाही पाहिला. ज्याला आपलं चुकतं ते कळतं, तो सुधारतो. मग त्यांनी त्याला कायम करायचा तो कागद पुढं ओढला.

"तूच ना हा?"

चित्रगुप्तानं एकदा कागदाकडं पाहिलं, एकदा पेनाकडं.

"मीच, साहेब. हुबेहूब."

सही झाली. बाहेर आला तेव्हा त्याच्या छातीवरून अख्खं यान उतरल्यासारखं वाटत होतं. पण बातमी त्याच्या आधीच बाहेर पोचलेली. स्टोअरच्या काकांनी पाठ थोपटली. शिपाईमामा म्हणाले, आम्हाला भलतंच वाटलं होतं, पण नीट बघितलं तर तुम्हीच की. बाईंनी तर खुर्ची ओढून त्याला जवळ बसवलं.

"एवढं मनाला लावून घेऊ नये रे. तू आळशी आहेस, चालढकल करतोस, सगळं खरं. पण अगदीच राक्षस काही नाहीस."

चित्रगुप्त मान खाली घालून "बरं" म्हणाला. कायम झालेल्या माणसाला एवढं ऐकून घेणं परवडतं.