ठेंगण्या ओट्याच्या गडाची हकीकत

श्रीगृहलक्ष्मी प्रसन्न. जिच्या चुलीवर सर्वांचे चालते आणि जिच्या नावावर क्वचितच काही असते, तीस दंडवत घालून ही हकीकत लिहिली. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरी, तिसऱ्या मजल्यावरील दोन खोल्या आणि स्वयंपाकघर ऐशा गडावर मोठा प्रसंग गुदरला. गडाचे धनी गिरीशराव आणि तृप्तीबाई. कागदावर उभयतांची नावे जोडीने, आणि उभयतांचे पटेनासे जाहले. त्याआधी बहुत वर्षे पटले होते, हेही लिहून ठेवावे. मग सलूख होईना, तेव्हा बाईंनी एक बॅग भरून धाकट्या बहिणीच्या मुलखी प्रयाण केले, आणि राव गडावर एकटे राहते जाहले, आणि फारकतीचा दावा न्यायसभेत दाखल जाहला. फारकतीस दोघेही राजी. गड सोडण्यास कोणीच राजी नव्हते.

बहिणीच्या मुलखी बाईंस उणे काही नव्हते. परंतु बाई उंचीने बेताच्या आणि तेथील ओटा चारचौघींच्या मापाचा, सबब पोळ्या लाटण्यास पाटावर उभे राहावे लागे. बहिणीच्या सासूबाई येता-जाता म्हणत, "तृप्ते, पाट राहू दे हो तिथेच. तुला काय, आता रोजच लागणार." बाई हसत, आणि मनी म्हणत, आपल्या जमिनीवर पाय टेकून पोळी लाटावी, याहून अधिक राज्य नको.

मग तारीख लागली. न्यायसभेने नेमलेल्या मध्यस्थबाई चष्मा पुसून बोलत्या जाहल्या, "एकाने घर घ्यावं, दुसऱ्याला त्याच्या वाट्याचं द्यावं. कोण घेतंय?" उभयतांनी एकदमच "मी" म्हटले. बहुत दिवसांनी एकमत जाहले. तृप्तीबाई रावांस म्हणाल्या, "घेऊन करणार काय? चहा तरी येतो का?" राव तापून म्हणाले, "सगळं येतं आता. घर मिळालं की आधी तो ओटा फोडणार. वाकून वाकून कंबर गेली माझी." बाई म्हणाल्या, "अगंबाई! भाजीला कंबर लागते, हे आत्ता कळलं होय?" मध्यस्थबाईंस हसू आवरेना, आणि त्यांनी सहज पुसिले, "पण इतका ठेंगणा ओटा बांधला कुणी?"

राव टेबलाकडे पाहत बोलले, "मीच." आणि मग हकीकत निघाली, की गड नवा घेतला तेव्हा गवंड्याने ओट्याचे माप पुसिले, आणि रावांनी बाईंस रिकाम्या खोलीत उभे करून, सगळ्या गवंड्यांदेखत, हवेत पोळी लाटावयास लाविली, आणि बाई लाजून चूर, आणि जेथे हात आले तेथे रावांनी कोळशाने भिंतीवर रेघ ओढिली. गवंडी म्हणाला, "साहेब, उद्या विकायला गेलात तर हा ओटा घेईल कोण?" राव म्हणाले, "विकायचंय कुणाला?" इतके सांगून राव पाणी पिण्यास बाहेर गेले ते परतलेच नाहीत. पुढील दोन तारखांसही आले नाहीत. बाईंनी जाणिले, आता वकील बदलणार आणि झुंज लांबणार. तिसऱ्या तारखेस राव कमरेस पट्टा बांधोन आले आणि उभ्यानेच बोलिले, "घर तिला द्या. दुसऱ्या कुणाच्या मापाचं नाही ते."

मग वाट्याचा ठराव होऊन हक्कसोडपत्र जाहले, आणि दोघांनी अंगठे दिले, आणि रावांनी किल्ल्या देता देता म्हटले, "शेगडीची नळी बदल. जुनी झालीय." बाई म्हणाल्या, "कमरेला तेल लावत जा."

मग बाई एकट्याच गडावर दाखल जाहल्या. नव्या घरी दूध उतू घालावे ऐसा रिवाज. बाई म्हणाल्या, फारकतीच्या घरात कसलं आलंय दूध उतू घालणं, चहा टाकावा. म्हणून पातेल्यात दूध तापत ठेविले. पाहती तो शेगडीच्या चारी पायांखाली विटा, वर्तमानपत्रात नीट गुंडाळलेल्या. ही रावांची कमरेपायी केलेली तटबंदी. बाई टाचा उंचावून पाहू लागल्या, परंतु पातेल्यात काही दिसेना, आणि दिसेना तोच दूध भसाभसा उतू जाऊन ओटाभर जाहले. बाई ओरडल्या, "अहो, जाता जाता विटा तरी काढायच्या!" गडावर ऐकण्यास कोणी नव्हते. मग त्यांनी डोळ्यांस पदर लाविला. करपल्या दुधाच्या वासाने असेल. लिहिणारास ठाऊक नाही.

सारांश, गड बाईंकडे राहिला, राव आपल्या मापाचा ओटा शोधीत आहेत, विटा गॅलरीत आहेत. रिवाज, न पाळिताही, पाळिला गेला. ओटा तेवढा पुसावयाचा आहे.