बर्फाचे आजोबा

हिवाळ्यात स्वस्तात मजा कशी करावी, हे ऑस्ट्रेलियातल्या होबार्टमध्ये कुणालाही शिकायचं असेल तर त्यानं माझ्याकडे यावं, अशी माझी परवापर्यंत ठाम समजूत होती. डोंगर फुकट, बर्फ फुकट, पिकअप घरची. थर्मासमध्ये सूप भरायचं, पोरीला गाडीत कोंबायचं आणि निघायचं!

यंदा फक्त माझे सासरे, मर्व्ह, यायला तयार नव्हते. दर जुलैला, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्यात, सगळ्यांत पुढे तेच असायचे. पण मागे एकदा पाय घसरून पडले आणि त्यांनी सोफा धरला तो धरलाच.

"बाबा, चला ना. गाडीतच बसा."

"बर्फ पाहिलाय मी," टीव्हीवरची नजर न हलवता ते म्हणाले.

ऐनवेळी विचार बदलतील म्हणून त्यांचा कोट, टोपी आणि हातमोजे मी गाडीत टाकले. विचार बदलला नाही.

वर गेल्यावर सगळे लोक आपापल्या गाडीच्या बॉनेटवर बर्फाचा माणूस करत होते. आमची आठ वर्षांची टॅम्झिन म्हणाली, "आजोबा येत नाहीत ना? मग आपण त्यांना इथेच करू."

झालं! पिकअपच्या मागच्या उघड्या हौद्यात आम्ही आजोबा बसवले. पोटात बर्फ कमी पडला म्हणून ते पुढे वाकले. मी कोट पुढे केला, तर माझा नवरा ब्रेट म्हणाला, "कोटानं त्याला गरम होईल. घरी जाईपर्यंत पाणी."

"कोट काय शेगडी आहे का? थर्मासमध्ये बर्फ ठेवला तर थंडच राहतो ना?"

"मग आपल्याला कोटात ऊब का येते?" टॅम्झिननं विचारलं.

 मी कोटाची बटणं लावली. मोज्यांत बर्फ ठासून हात केले, टोपी नाकापर्यंत ओढली आणि पडू नयेत म्हणून आजोबांना दोरीनं आवळून बांधलं.

खाली शहरात शिरल्यावर सिग्नलला मागची गाडी हॉर्न वाजवू लागली. आम्ही खुशीत हात हलवले. पुढच्या सिग्नललाही तोच हॉर्न.

"लोकांना आवडतंय," मी म्हणाले.

घरापाशी थांबलो तशी ती गाडीही थांबली. आतून मर्व्हच्या बोलिंग क्लबातल्या ग्लेनिसबाई उतरल्या. रागानं लालबुंद.

"लाज नाही वाटत? या वयात माणसाला उघड्यावर बांधून आणता?"

"ग्लेनिस, अहो, ते..." मी सांगू लागले.

"तू बोलू नकोस! मर्व्ह, घाबरू नका, मी आलेय." त्यांनी हौद्यात वाकून त्यांचा हात धरला. "अरे देवा, गारठलेत!" असं म्हणून ओढला, तर हात मोज्यासकट उपटून त्यांच्या मुठीत आला.

अशी किंकाळी मी जन्मात ऐकली नव्हती. गल्लीतले सगळे पडदे हलले.

आमचं दार उघडलं. मोज्यांवर, म्हणजे पायातल्या, मर्व्ह बाहेर आले. "काय चाललंय? मला स्कोअर ऐकू येत नाहीये."

ग्लेनिसबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग मुठीतल्या हाताकडे, आणि फुटपाथवरच बसल्या. मी त्यांना सूप दिलं.

मर्व्ह काठी टेकत हौद्यापाशी गेले. टोपीपासून दोरीपर्यंत सगळं न्याहाळलं.

"एवढा वाकलेला दिसतो मी?"

 टॅम्झिन म्हणाली, "सोफ्यावर दिसता."

त्यांनी फक्त "हं" केलं. काठी ब्रेटच्या हाती दिली, आणि बर्फाच्या पाठीला हात लावून ती सरळ करू लागले. मागून ग्लेनिसबाई सूचना देत होत्या.

"पुढच्या रविवारी किती वाजता निघायचं?" मर्व्हनी विचारलं.

रविवारी ते सगळ्यांच्या आधी तयार. आमच्या पिकअपला पुढे तीनच जागा, आणि टॅम्झिन आता मांडीवर मावेना. त्यामुळे आजोबा, नात आणि ब्रेट डोंगरावर गेले. मी, हिवाळी सहलीची प्रमुख संयोजक, घरी उरले. सोफा रिकामा होता, हीटर चालू होता, कुणी हाक मारत नव्हतं.

हिवाळ्यात इतकी मजा मला कधी आलीच नव्हती. त्यांना सांगितलं नाही, एवढंच.