बस्ता नंबर सात

देवरावजींना फोनवरचा फोटो दाखवा, ते फोटो बघतच नाहीत. आधी विचारतात, "याची दुसरी कॉपी कुठं हाय?" नाही म्हटलं की तोंड असं करतात, जसं तुम्ही घर बांधलं आणि दरवाजा लावायला विसरलात.

हे आमचे शेजारी. सदरमधल्या एका सरकारी कचेरीत आयुष्यभर रेकॉर्डकीपर. फायली लाल कापडाच्या बस्त्यात बांधायच्या, नंबर टाकायचा आणि कपाटाची किल्ली दोघांपाशी ठेवायची, हा त्यांचा धर्म. साहेबालासुद्धा चिठ्ठीवर सही केल्याशिवाय त्यांनी कधी फाईल दिली नाही.

तर सत्तरीला टेकलेले हे गृहस्थ गेल्या वर्षी क्लाउड कम्प्युटिंग शिकायला निघाले. पहिल्याच दिवशी सरांनी सांगितलं, आपली माहिती दूरच्या मोठ्या कम्प्युटरांवर राहते, लागेल तेवढी जागा भाड्यानं घ्यायची, कॉपी दोन-तीन ठिकाणी असते. देवरावजींनी हात वर केला. तिथं वाळवी लागते का? नाही लागत. मग तिथला रेकॉर्डकीपर कोण? सर म्हणाले, कोणी कुठली फाईल उघडायची ते तुम्हीच ठरवायचं.

"मंग जमलं," म्हणत ते खाली बसले.

महिन्याभरात सोसायटीचे नकाशे, माझे शुगरचे रिपोर्ट, सगळं क्लाउडवर चढलं. प्रत्येक फोल्डरचं नाव बस्ता, पुढे नंबर. माझाच रिपोर्ट पाहायचा तर माझ्याकडून चिठ्ठी लिहून घेतली बुवांनी.

हसू यायचं, पण खरं सांगतो, रागही यायचा. त्यांच्या बायकोच्या, म्हणजे आमच्या वहिनींच्या, गळ्याला गाठ निघाली होती. रामदासपेठेतल्या दवाखान्यात ऑपरेशन ठरलं होतं आणि आवाज राहणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं. आणि हे महाशय रोज क्लासला. एकदा मी बोललोच, "वहिनीपाशी बसा न जी. काहून त्या क्लासच्या मागं लागले?"

ते रागावले नाहीत. माझा फोन मागितला, त्यात काहीतरी केलं आणि परत दिला.

"बस्ता नंबर सात. दुसरी किल्ली तुमच्यापाशी असू द्या."

घरी येऊन उघडला. आत आवाजाची रेकॉर्डिंगं, नुसत्या वहिनी. भाजीवाल्याशी हुज्जत घालणाऱ्या, खापा गावच्या बहिणीशी फोनवर हसणाऱ्या आणि बहुतेक ठिकाणी नवऱ्यावर ओरडणाऱ्या. प्रत्येक फाईलवर नंबर आणि विषय. 'चष्मा हरवल्याबद्दल.' 'चहा थंड झाल्याबद्दल.' मला माझीच लाज वाटली.

ऑपरेशन झालं. गाठ गेली, आवाजही गेला.

परवा त्यांच्याकडे बसलो होतो. वहिनींनी चहा आणून ठेवला, देवरावजी बोलण्यात गुंग. वहिनींनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं, टेबलावरचा त्यांचा फोन उचलला आणि बोटानं दाबला.

"अजी, चहा थंडा होऊन राहिला ना. कितीदा सांगू?"

देवरावजींनी निमूट कप उचलला. वहिनींना चिठ्ठी काही मागितली नाही. असल्या माणसाच्या शेजारी आपण राहतो याचा मला इतका अभिमान वाटला, की माझा चहा पार थंड झाला. तो मी तसाच प्यालो.