ओढा, गुरुजी

आमचे शेजारी मेश्राम दुकानात शिरले की आधी स्वतःची माती फरशीवर ओतायचे. खाकी कापडाच्या पिशवीत पाचेक किलो काळी, उन्हानं कडक झालेली ढेकळं असायची. दुकानदार ‘या, बसा’ म्हणेपर्यंत पिशवी उलटी झालेली असे. मग कमरेवर हात ठेवून ते विचारत, "बोला शेटजी, तुमचं मशीन हे माती फोडते का?"

मशीन म्हणजे बागेत चालवायचा छोटा टिलर. पेट्रोलचं इंजिन, खाली फिरणारी पाती, मागे दांडा. त्या उन्हाळ्यात मेश्रामांना तो घ्यायचा होता, आणि तो निवडण्याच्या पायी माझे सहा रविवार गेले. त्याचा राग मी अजून विसरलेलो नाही.

सक्करदऱ्याला आमची घरं एकाच भिंतीची. मेश्राम कोराडीच्या वीजघरात फोरमन होते, नुकतेच रिटायर झालेले. घरामागे त्यांची बाग होती. शोभेचं एक झाड त्यात नव्हतं. वांगी, अंबाडी, चवळी, कोपऱ्यात हळद आणि विहारात न्यायला पांढऱ्या शेवंतीची एक ओळ. बाग शांताबाईंची, म्हणजे त्यांच्या पत्नीची. मेश्रामांचं काम एकच, वर्षातून एकदा सगळी जमीन कुदळीनं खणून द्यायची. मजूर लावायचा नाही. एकदा लावला होता, तर त्यानं शांताबाईंची हळद मुळासकट उपटून बांधावर फेकली. तेव्हापासून मेश्राम मजुराचं नाव काढलं की तापत. "सोमवारी येतो म्हनते. कोन्त्या सोमवारी, थे नाई सांगत."

त्या वर्षी मात्र चैत्र संपला तरी कुदळीचा आवाज आला नाही. उलट एके दिवशी शांताबाईच ती कुदळ घेऊन आमच्याकडे आल्या आणि माझ्या बायकोला म्हणाल्या, "तुमच्या दारामागं ठेवा वं बाई, आमच्याकडं जागा नाई." एवढ्या मोठ्या घरात एका कुदळीला जागा नाही, याचं मला जरा नवल वाटलं. दोन दिवसांनी मेश्रामांनी टिलर घेण्याचं जाहीर केलं आणि मला म्हणाले, "चला गुरुजी. तुमच्याबिगर हे काम होत नाई."

मी फुगलो. मी शाळेत गणित शिकवत असे. मला वाटलं, हॉर्सपॉवर, चाकाचा व्यास, पात्यांचे फेरे, हे आकडे तोलून सांगणारा जाणता माणूस त्यांना हवा आहे. मी इस्त्रीचा शर्ट घातला, खिशाला पेन लावलं, नवी वही घेतली. ती वही शेवटपर्यंत कोरी राहिली.

माझ्या अंगकाठीबद्दल इथेच सांगून टाकतो. उन्हाळ्यात नळाला पाणी नसलं की आम्ही हापशीवरून भरून आणायचो. भरली बादली मी एका दमात घरी आणली असं कधी घडलं नाही. वाटेत एक कडुनिंब आहे, तिथे मी ती टेकवतो आणि झाडाकडे बघितल्यासारखं करतो. कॉलनीत हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण आजवर कोणी बोलून दाखवलं नव्हतं.

पहिलं दुकान कॉटन मार्केटच्या बाजूला होतं. मेश्रामांनी माती ओतली. दुकानदारानं मशीन दाखवलं. मेश्राम स्टुलावर बसले आणि म्हणाले, "गुरुजी, ओढा."

इंजिन सुरू करायला एक दोरी असते, ती झटक्यात ओढावी लागते. मी ओढली. इंजिन गुरगुरलं आणि गप्प झालं. पुन्हा ओढली. सातव्या खेपेला माझ्या शर्टाचं बटण तुटून त्या मातीत पडलं. दुकानदार पुढे होऊन म्हणाला, "लाइये, मैं दिखाता हूँ," आणि त्यानं एका हिसक्यात इंजिन सुरू केलं. मेश्राम उठून उभे राहिले. रागानं त्यांचे कान लाल झाले होते.

"मले सांगा, हे मशीन कोनासाठी बनवलं? पहिलवानासाठी? घरच्या बागेत पहिलवान राहते का?"

हा त्यांचा ठरलेला सवाल. पुढच्या पाच रविवारांत तो मी इतक्या वेळा ऐकला की शाळा उघडल्यावर वर्गात मुलांना भूमिती शिकवतानाही माझ्या तोंडून निघून गेला.

कृषी प्रदर्शनात तर तमाशाच झाला. तिथे एका कंपनीनं लाकडी चौकटीत चाळलेली, पाणी शिंपडलेली मऊ माती ठेवली होती आणि टिलर तीत मजेत फिरत होता. लोक टाळ्या वाजवत होते. मेश्राम गर्दीत घुसले, चिमूटभर माती उचलून त्यांनी बोटांत चोळली. "हे माती हाय का शिरा?" आणि स्वतःची ढेकळं त्यांनी चौकटीत ओतली. टिलर थडथडत त्यावरून उड्या मारू लागला. माहितीपत्रक वाटणारा माणूस चिडला. "काका, आधी पाणी द्यायचं असतं जमिनीला." "अन् पानी कोन देईन, तुमी?" एवढं बोलून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "गुरुजी, ओढा. डाव्या हातानं."

एका दुकानात विजेवर चालणारं यंत्र होतं. दोरी नाही, बटण दाबलं की सुरू. मी सुटकेचा निःश्वास टाकला. मेश्रामांनी त्याच्याकडे बोट दाखवून विचारलं, "लाइन गेली तं?" दुकानदार म्हणाला, "लाइन येतेच की परत." मेश्राम बाहेर येईपर्यंत धुसफुसत होते. "मले लाइन शिकवून राहिला. जिंदगीभर म्या लाइन बनवली."

कधी दांडा उंच असे. त्यांच्याकडे खूण केलेली एक काठी होती, दांडा त्या खुणेच्या वर गेला की मशीन बाद. कधी पेट्रोलची चावी खाली असे, वाकावं लागे, मशीन बाद. आणि प्रत्येक ठिकाणी दोरी मी ओढायची. ते कधी स्टुलावर, कधी पोत्याच्या थप्पीवर बसून हुकूम सोडायचे. चौथ्या रविवारी माझा खांदा वर उचलेना. बायको तेल चोळत म्हणाली, "त्यांना का नाही सांगत ओढायला?"

तेच मी पुढच्या रविवारी भर दुकानात विचारलं. "मेश्रामजी, तुम्ही एकदा तरी ओढा की."

"मी काहून ओढू?" ते म्हणाले. "मले थोडंच चालवाचं हाय? थे चालवन."

थे, म्हणजे शांताबाई. माझं डोकं फिरलं. साठीला टेकलेल्या, जेमतेम खांद्याएवढ्या बाईच्या हाती हे धूड द्यायचं आणि आपण ओट्यावर बसून हुकूम सोडायचे. फोरमनकी रिटायर झाली तरी अंगातून गेली नव्हती. माझ्यासारख्या गरीब माणसाला राबवलं ते एक वेळ सोडा, पण घरच्या बाईला? त्या दिवशी येताना मी बसमध्ये त्यांच्या शेजारी बसलो नाही.

तरी सहाव्या रविवारी गेलो. भिडस्त माणसाचं असंच होतं. वर्धा रोडवरच्या एका छोट्या वर्कशॉपात एका कारागिरानं लहान इंजिनाचा टिलर बनवला होता. दिसायला ओबडधोबड, रंगही धड नाही. दांडा काठीच्या खुणेला लागला. मी डाव्या हातानं दोरी ओढली. दुसऱ्या ओढीला तो सुरू झाला आणि मेश्रामांची ढेकळं फोडत चार हात पुढे गेला. खाली वाकून मेश्रामांनी आपली माती पिशवीत परत भरली, एवढंच.

टिलर घरी आला. तो पाहायला मी भिंतीपाशी उभा राहिलो. मेश्रामांनी हाक मारली, "ये वं, ओढ." शांताबाईंनी पदर खोचला आणि दोरी ओढली. काही झालं नाही. पुन्हा ओढली. तिसऱ्यांदा त्या धापा टाकू लागल्या. मेश्राम पाठीमागे हात बांधून तसेच उभे. मला राहवलं नाही. भिंतीवरूनच म्हणालो, "अहो, लाज वाटू द्या. बाईमाणसाला एक हात लावायला काय जातं तुमचं?"

चौथ्या ओढीला इंजिन सुरू झालं आणि शांताबाई ते ढकलत हळदीच्या वाफ्याकडे गेल्या. मेश्राम भिंतीजवळ आले. ओरडतील म्हणून मी तयार होतो. पण इंजिनाच्या आवाजाखाली ते हळूच म्हणाले, "धंतोलीच्या डॉक्टरनं मना केलं गुरुजी. कुदळ नाई, झटका नाई. छातीचं हाय. तिले मालूम नाई, सांगू नका."

मी वाफ्याकडे पाहिलं. शांताबाई अजून लांब होत्या.

"मी सुरू करून देईन, अन् थे चालवन, असं मशीन दहा भेटले असते. पन मी नसीन तं कोन ओढन? तिच्याच्यानं एकटीनं झालं पाह्यजे."

"पण मग मला कशाला नेलंत?"

ते जरा ओशाळले. "तुमी राग नका मानू. हापशीवरून येतानी थे ज्या निंबापाशी बादली टेकवते ना, तुमी बी तेथीच टेकवता. दोघायची ताकद सारखी. डावा हात सांगितला, तिचं वय अजून वाढन म्हून. तिले दुकानादुकानात कसं नेऊ?"

इतकी वर्षं मी स्वतःला हुशार समजत आलो होतो, आणि हा माणूस मला बायकोच्या ताकदीचं माप म्हणून गावभर घेऊन हिंडला होता. मला राग यायला हवा होता. पण मला आमच्या दारामागची कुदळ आठवली. शांताबाईंना सगळं मालूम होतं. मी दोघांपैकी कोणालाच काही सांगितलं नाही.

पुढे रोज सकाळी भिंतीपलीकडे शिकवणी चाले. "पाय रोव. पुन्हा ओढ. अजून एकदा. मशीन थंडं झालं का मग ओढ." मी चहा पिताना ऐकायचो. पाचव्या दिवशी इंजिन पहिल्याच ओढीला सुरू झालं. मी कप घेऊन भिंतीपाशी गेलो. शांताबाईंनी लगेच ते बंद केलं.

मेश्राम चिडल्या आवाजात म्हणाले, "जमलं ना आता? आता तुले मी कायले पाह्यजे?"

शांताबाईंनी कपाळावरचा घाम पुसला. मशीनकडे पाहत म्हणाल्या, "अजून भरोसा नाई याचा. उद्या बी ओढून पाहीन. तुमी याल बाजूले उभे राहाले."

मेश्राम इंजिनाकडे बघत पुटपुटले, "कोनासाठी बनवलं, काय मालूम."

मशीन पहिल्या ओढीला सुरू झालं, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी सहाला मेश्राम आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून वाफ्याशी उभे होते.