फुले अर्पण करा

बुधवारी सकाळी पोहे खाता खाता मुकुंदराव चिंचोरे निम्मे पुसट झाले आणि नेहमीसारखे परत ठळक झालेच नाहीत.

पुसट होण्याचे घरात कोणालाच नवल नव्हते. त्यांची मुलगी हेमांगी कराडच्या एका छोट्या कंपनीत वेबसाइटी बनवते. गावातल्या एका सायंदैनिकासाठी तिने श्रद्धांजलीचे पान केले होते आणि त्यावर नमुना म्हणून मुकुंदरावांचा, म्हणजे अण्णांचा फोटो लावला होता. खाली ‘फुले अर्पण करा’ असे बटण होते. ते दाबले की झेंडूच्या पाकळ्या पडत, फोटो हळूहळू विरून जाई आणि पूर्ण विरला की पुढच्या माणसासाठी पुन्हा उमटे. फोटोबरोबर अण्णाही विरत आणि उमटत. चाचणीच्या दिवसांत तर माणूस गच्चीवर जाऊन यावा तसे ते जाऊन येत.

जिवंत माणसाचा फोटो लावलाच कशाला, असे जो विचारील त्याला या धंद्यातले काही कळत नाही. गेलेल्या माणसाचा फोटो लावला तर तो पडद्यावर विरलेला दिसतो. पण खरोखर विरला का, हे विचारायचे कोणाला? म्हणून चाचणी नेहमी घरच्या माणसावर घेतात. तो निदान तक्रार तरी करतो.

शिवाय फोटो अण्णांनी स्वतःच कपाटातून शोधून दिला होता. एसटीच्या डेपोत वाहतूक नियंत्रक म्हणून उभा जन्म घालवून ते निवृत्त झाले, त्या निरोपसमारंभातला. डोक्याला फेटा, खांद्यावर शाल, हातात नारळ आणि चेहऱ्यावर, आता यापुढे काय, असा भाव. श्रद्धांजलीला याहून योग्य फोटो मिळणे कठीण.

“लाव की हाच,” ते म्हणाले होते. “नाहीतरी पुढंमागं लागणारच आहे. ऐनवेळी शोधाशोध नको.”

“जेवताना अभद्र बोलू नका हो,” आई म्हणाली होती आणि तिने त्यांना आमटी वाढली होती.

तर त्या बुधवारी पोह्यांवर दोन-चार पाकळ्या पडल्या. आईने त्या सवयीने उचलून बाजूला ठेवल्या आणि सगळे वाट पाहत थांबले. अण्णा चमचा हातात धरून बसले होते. बराच वेळ झाला तरी काही होईना.

“अहो, तुमच्यातून मला फ्रिज दिसतोय,” आई म्हणाली.

“दिसू दे. येईन आता.”

पण यायच्या ऐवजी आणखी पाकळ्या पडल्या आणि फ्रिजवरचा गणपतीचा स्टिकरही दिसू लागला. अण्णांचा आवाज शेजारच्या घरातून यावा तसा झाला. आजवर हेमांगीला या कामाची कधी भीती वाटली नव्हती. कंटाळा आला होता, डोके दुखले होते, पण भीती अशी नाही. ती ताटावरून उठली आणि हात न धुताच स्कूटरची किल्ली शोधू लागली.

कंपनीचे मालक जंगम सर नुकतेच येऊन देवाच्या फोटोला उदबत्ती लावत होते. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले.

“पान उघडं कुठं कुठं आहे?”

“आपल्याकडचं मी काल बंद केलं. आता फक्त दैनिकाच्या काउंटरवर. त्यांच्या मालकांनी, इनामदार साहेबांनी गिऱ्हाइकांना दाखवायला ठेवून घेतलंय.”

“तो टचस्क्रीनवाला डबा? त्यात ब्राउझर कुठला आहे?”

“फार जुना. त्याच्यावर आपण तपासलंच नाही, सर.”

जंगम सरांनी उदबत्ती खोचली आणि खुर्चीत बसले. मग दोघांनी मिळून दोष शोधला. तो सापडायला फार वेळ लागला नाही. पडद्याला बोट टेकले की ब्राउझर दोन निरोप देतो. पहिला बोट लागल्याचा, आणि मागोमाग दुसरा बटण दाबल्याचा. कोणता निरोप कुठे चालेल याचा भरवसा नसतो, म्हणून ‘दोन्ही लावून टाक’ ही जंगम सरांची जुनी शिकवण. नव्या ब्राउझरला एकदा सांगितले की तो दुसरा निरोप मुकाट्याने गिळतो. काउंटरवरचा म्हातारा ब्राउझर कोणाचे ऐकत नव्हता, दोन्ही निरोप इमानाने पोचवत होता. आणि चुकून बटण दाबणाऱ्यांसाठी दुसऱ्यांदा दाबले की थांबावे, अशी सोय इनामदारांनीच मागून घेतली होती. त्यामुळे पहिल्या निरोपाला अण्णा विरू लागत आणि दुसऱ्याला जिथल्या तिथे अडकत. पूर्ण विरल्याची वर्दी गेल्याशिवाय परत उमटायचे नाही, असे हेमांगीने लिहिलेले. वर्दी जाणार कशी? विरणे पूर्ण होतच नव्हते. येणारा प्रत्येक जण अण्णांना थोडे थोडे पुसून जात होता.

“पान रिफ्रेश केलं तर?” हेमांगीने विचारले.

“रिफ्रेशमध्ये पान आधी जातं, मग येतं. त्यांच्याकडं नेट कसं आहे ठाऊक आहे ना? गेलं आणि आलंच नाही तर?”

“मग फोटोच काढून टाकू.”

जंगम सर म्हणाले, “मागं एका शिकवणीच्या साइटवर आपण एका मॅडमचा फोटो लावला होता. काम संपल्यावर काढला.”

“त्यांचंही असंच अर्धवट झालं होतं?”

“छे. चांगल्या ठळक होत्या.”

उदबत्तीची राख टेबलावर पडली ती सरांनी फुंकरीने उडवली.

“एकच रस्ता आहे,” ते म्हणाले. “बोट नको, कीबोर्ड लाव. कीबोर्डवरून दाबलं की निरोप एकच जातो. म्हणजे विरणं मध्ये तुटणार नाही. पूर्ण होईल, वर्दी जाईल, ते परत येतील.”

“म्हणजे अण्णांना आधी पूर्ण जाऊ द्यायचं?”

“अर्धवट गेलेल्याला परत आणायची सोय तू लिहिली आहेस का?”

तिने लिहिली नव्हती. तशी वेळ येईल असे तिला वाटले नव्हते.

दैनिकाच्या कचेरीत काउंटरवर सरोजताई असतात. जाहिराती घ्यायच्या, मजकूर मोजायचा, ‘कैलासवासी’ लिहायचे की ‘वैकुंठवासी’ हे विचारायचे, हे त्यांचे काम. हेमांगी धापा टाकत आत शिरली तेव्हा त्या खुशीत होत्या.

“या या! लोकांना लई आवडतंय बघा तुमचं. सकाळपासनं जो येतोय त्यो दाबतोय.”

पडद्यावर अण्णांचा फोटो धुक्यात उभा असल्यासारखा दिसत होता. फेट्याचा रंग ओळखू येत नव्हता. समोर टोपी घातलेले एक गृहस्थ चुलत्याच्या दशक्रियेचा मजकूर घेऊन उभे होते. त्यांनी मान वाकडी करून फोटो पाहिला, हळहळले आणि बोट पुढे केले.

“हे दाबायचं व्हय?”

“नको!” हेमांगी अशी ओरडली की आतून इनामदार साहेब बाहेर आले. सरोजताईंनी गृहस्थांचे मनगट वरच्या वर धरले.

“काका, थांबा जरा. त्यांचं घरचं माणूस हाय त्यात.”

“असं होय,” गृहस्थ म्हणाले आणि त्यांनी टोपी काढून हातात घेतली.

कीबोर्ड कपाटात रद्दीखाली सापडला. हेमांगीने तो जोडला, पुसला, आणि घरी फोन लावला.

“अण्णा, ऐकू येतंय?”

“येतंय. पण तुझी आई म्हणते मी दिसतच नाही फारसा. बनियन तेवढी दिसते म्हणे.”

“अण्णा, आता तुम्हाला पूर्ण जावं लागेल.”

“आणि परतीची गाडी?”

“लावलेली आहे. तुम्ही पूर्ण पोचलात की सुटते.”

“नक्की सुटते?”

खोटे बोलावे असे तिला फार वाटले. “बाकी ब्राउझरवर सुटते. या ब्राउझरवर कधी पाहिलं नाही.”

“हं,” अण्णा म्हणाले. आयुष्यभर त्यांनी लोकांना गाडी येईल म्हणून सांगितले होते आणि ती कधी येईल हे सांगायचे टाळले होते. “मग दाब. असं लटकत राहण्यात अर्थ नाही. थांब, खुर्चीत नीट बसतो. हेमा, घाबरू नकोस गं.”

“नाही घाबरत,” ती म्हणाली.

टॅब दाबत तिने बटणावर निवडीची निळी चौकट आणली आणि एंटर दाबले. पाकळ्या पडू लागल्या. शाल गेली, फेटा गेला, चेहरा गेला. नारळ बराच वेळ टिकला आणि तोही गेला. पडद्यावर फोटोची नुसती रिकामी चौकट राहिली. फोनवर आईचा आवाज आला.

“गेले गं. खुर्ची रिकामी आहे.”

हेमांगी चौकटीकडे पाहत राहिली. वर्दी जायला हवी होती. लगेच जायला हवी होती. मशीनमधला पंखा घरघरत होता. चौकट रिकामीच होती.

“आले का?” तिने विचारले.

“नाही. हेमा, कुणीच नाही इथं.”

“आई, बोलत राहा त्यांच्याशी.”

“काय बोलू?”

“काहीही बोल!”

“अहो,” फोनवर आई म्हणाली, “ऐकलंत का? दूध उतू गेलंय. तुमच्यापायी गेलंय. गॅस कोण पुसणार? अहो?” तिचा आवाज फाटला. हेमांगीला रडू फुटले. समोरचे गृहस्थ भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

“कधी कधी अडकतंय ते,” सरोजताई म्हणाल्या आणि त्यांनी मशीनच्या डोक्यावर मापात एक चापट मारली.

चौकटीत नारळ उमटला. मग हात, शाल, फेटा.

“आले!” आई ओरडली. “आले गं बाई! अख्खे आले!” मग फोनवर अण्णांचा आवाज आला, ठणठणीत. “कुणी दूध ठेवलं होतं?”

इनामदार साहेबांनी इतका वेळ हाताची घडी घालून सगळे पाहिले होते. ते म्हणाले, “छान झालंय. फक्त एक बदल करा. शेवटी फोटो परत येतो, तेवढं काढा. गेलेला माणूस परत येतो हे आमच्या वाचकांना पटणार नाही.”

“ते काढता येणार नाही, साहेब.”

“का?”

“तांत्रिक अडचण आहे.”

“मग राहू द्या,” इनामदार म्हणाले. तांत्रिक अडचणीपुढे ते कधी वाद घालत नसत.

त्या दिवसापासून ते पान काउंटरवर तसेच उघडे ठेवले आहे. अण्णा आता तेवढ्याच एका पानावर उरलेत, म्हणून ते बंद करायचे नाही, रिफ्रेश करायचे नाही, फोटो काढायचा नाही, असे ठरले. पडद्याला कोणी बोट लावू नये म्हणून सरोजताईंनी समोर काच बसवून घेतली. लोक कीबोर्डवरून फुले वाहतात. अण्णा दिवसातून अनेकदा जातात आणि येतात. कधी जावे लागेल याचा नेम नाही, म्हणून जिन्यावर थांबत नाहीत, दाढी बसून करतात, स्वतःची स्कूटर विकून टाकली. ते नसतात तेव्हा आई बोलत राहते. भाजीवाला, भाचीचे लग्न, गुडघा, काहीही. एकदा हेमांगीने अण्णांना विचारले, तिथे काय असते? “काही नाही,” ते म्हणाले. “हिचं तेवढं ऐकू येतं.” त्यानंतर आईला सर्दीने आवाज बसला तेव्हा घरात कोणाला झोप लागली नाही.

मशीन रोज सकाळी अपडेट मागायचे आणि सरोजताई रोज ‘नंतर’ दाबायच्या. पुढच्या महिन्यातल्या एका शुक्रवारी दुपारी त्यांचा फोन आला.

“ताई, आज ‘नंतर’चं बटणच आलं न्हाई. सात वाजता आपोआप बंद हून चालू हुणार म्हणतंय.”

“थांबवता येत नाही?”

“जंगम सर येऊन बघून गेले. न्हाई म्हणाले. मी बसते हितंच. चालू झालं की पान लगेच उघडते.”

“नेट आहे का?”

“आत्ता तरी हाय.”

हेमांगी घरी आली. अण्णा पेपर वाचत होते, आई मटार सोलत होती. तिने दोघांना जसे होते तसे सांगितले. आईच्या हातातली शेंग तशीच राहिली.

“सात म्हणजे साताला?” अण्णांनी विचारले. “की मागंपुढं?”

“वेळेवर होतं ते, अण्णा.”

अण्णांनी पेपराची घडी घातली, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले आणि चष्मा काढून डबीत ठेवला.

“मग आज जेवणं लवकर करू,” ते म्हणाले.

आई उठली आणि तिने पाने घेतली.