सुदामभाऊंची बारीक रेघ

सुदामभाऊ इंग्रजी अक्षरांना आंघोळ घालायचे. दर आठवड्याला, रॉकेलने, जुन्या धोतराच्या मऊ फडक्याने. इंग्रजी वाचता येत नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

आदिलाबादच्या छापखान्यात ते खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवायचे आणि मी छपाईचं ट्रेडल मशीन चालवायचो. मोठ्या इंग्रजी अक्षरांचा एक खण त्यांनी कुलपात ठेवला होता. त्या अक्षरांची एक रेघ काडीएवढी जाड, तर दुसरी केसाएवढी बारीक. पायाशीही तशीच बारीक आडवी पट्टी. भाऊ कौतुकाने म्हणत, "पाय पाह्य त्याईचे! पैंजण घालून उभे हायेत."

हा खण फक्त लग्नपत्रिकेवरच्या नावांसाठी निघायचा. एकदा नेरडीगोंड्याचा खतवाला दुकानाच्या पाटीसाठी तीच अक्षरं मागू लागला. भाऊ उखडले. "युरियाले पैठणी काऊन नेसवून राह्यले तुमी?" गिऱ्हाईक गेलं. मालक दिवसभर बोलले नाहीत, भाऊंना त्याचं काही नाही.

खरं कारण मला ठाऊक होतं. त्यांची एकुलती एक सुजाता. बायको लवकर गेली, पोरीला त्यांनीच वाढवलं. तिचं नाव या अक्षरांत छापायचं, एवढी एकच हौस त्या माणसाला होती.

सुजाताची सोयरीक ठरवायला भाऊ बेल्याला गेले. जाताना चावी माझ्या हातात दिली. "दुसऱ्या कोनाले देऊ नको."

दुसऱ्या दिवशी तोच खतवाला आला. मालक माझ्याकडे बघत राहिले आणि मी कुलूप काढलं. पाटीचा पुठ्ठा खरबरीत, छाप उठेना, म्हणून मशीनचा जोर वाढवला. पाट्या झकास निघाल्या. खिळे पुसताना पाहिलं, तर बारीक रेघा चेपल्या होत्या. A चा डावा पाय तर गेलाच होता.

भाऊ पेढे घेऊन आले. खण उघडला, भिंग लावलं, बराच वेळ पाहत राहिले.

"जुने झाले असतील, भाऊ," मी म्हणालो.

"हो. जुनेच हायेत," ते म्हणाले आणि मला पेढा दिला.

लग्नाला बेल्याला गेलो. पत्रिका भाऊंनी सुट्टीच्या दिवशी, मी नसताना, स्वतःच छापल्या होत्या; मांडवात ती पहिल्यांदा माझ्या हातात आली. वर 'मंगल परिणय', खाली इंग्रजीत सुजाताचं नाव. एकूण एक रेघ शाबूत! भाऊंनी नवे खिळे आणले असावेत, असं वाटून मला हायसं वाटलं. उन्हाळ्याचे दिवस, हाताला घाम. बोट उचललं, तर A चा डावा पाय माझ्या अंगठ्यावर आला होता.

दोनशे पत्रिका. प्रत्येकीवर त्यांनी टाकाने, दौतीच्या शाईने, मोडलेली रेघ हाताने काढली होती.

वर पाहिलं, तर भाऊ समोर उभे. नवा सदरा, डोळे लाल. खिशातलं फडकं काढून त्यांनी माझा अंगठा पुसला.

"मशीनचा जोर जरा कमी ठेवत जाय, बाप्पा," ते हळूच म्हणाले. "चाल, जेवून घे."

मी जेवायला बसलो. माफी मागायची राहिली, ती राहिलीच.